फ्लूची लस घेताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त लस वाया जाते ती वाटेत. गावातल्या दवाखान्यात ती नसते, म्हणून मुलगा लातूरच्या नाहीतर परभणीच्या मेडिकलमधून घेतो, थर्मासात बर्फाचे खडे भरतो, त्यातच सिरिंज खोचतो आणि एसटीनं गावी आणतो. मे महिना, बाहेर बेचाळीस अंश. बर्फ जितका जास्त तितकं बरं, असं त्याला वाटतं. घात तिथंच होतो. ही लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. उन्हानं ती हळूहळू कमजोर होते, पण बर्फाला चिकटून गोठली की कामातूनच जाते. वितळल्यावर दिसते मात्र होती तशीच. म्हणून गोठल्याची नुसती शंका आली तरी फेकून द्या. पैसे गेले तर गेले, पण तीच टोचून म्हातारा माणूस सुरक्षित झाला असं समजू नका.

आणायचीच असेल तर आईसपॅक आधी बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच डब्यात घाला. लस खोक्यासकट ठेवा, मध्ये जाड पुठ्ठा घाला. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको. खरं तर लस आजीपर्यंत नेण्यापेक्षा आजीलाच लसीपर्यंत न्या.

दुसरी खोड म्हणजे उशीर. घरात दोघं तापानं फणफणले की तिसरा लस घ्यायला पळतो. अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडची मोठी साथ पावसाळ्यात येते. मृगाच्या आधी घ्या, दरवर्षी घ्या. विषाणू बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात लसीतले प्रकार नव्यानं ठरवते. मागच्या हंगामाचं खोकं स्वस्तात मिळालं तरी नको.

सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. दुसरा हमखास विसरला जातो. बाळांना देतात ती पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट लस दिली म्हणजे फ्लूची झाली, असं नाही. गरोदर बाईला देऊ नये हा समज तर साफ चुकीचा. आईच्या लसीनं सहा महिन्यांच्या आतलं बाळही जपलं जातं.

आणि 'साधं पडसं' म्हणून अंगावर काढणं सोडा. जगात दरवर्षी या आजारानं ३० ते ५० लाख लोक गंभीर होतात, २.९ ते ६.५ लाख दगावतात. मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध चालतं, पण पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त. तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. साठीपुढचा माणूस, मधुमेही, दमेकरी किंवा गरोदर बाई तापली तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.