आजीचं चित्र समोर आलं, आता काय बोलायचं?

भाच्याने आजीचं पोर्ट्रेट रंगवून समोर धरलं की तोंडून पटकन निघतं, "छान आहे रे, पण आजी वाटत नाही." हे वाक्य गिळा. ब्रश नेमका कुठे लावायचा ते त्याला यातून कळत नाही, नुसतं वाईट वाटतं.

आधी विचारा, काम संपलंय की चालू आहे? आणि रंग कोणते? तैलरंगात गाल पुन्हा रंगवता येतो. जलरंगात एकदा गडद झालेली सावली उजळणं अवघड, तिथे जपून बोला.

मग मूळ फोटो आणि चित्र शेजारी ठेवून दोन्ही उलटे करा, डोकं खाली. ओळखीचा चेहरा अनोळखी होतो आणि चुका दिसायला लागतात. समोरून पाहिलं तर मोठ्या माणसाचे डोळे साधारण टाळू ते हनुवटीच्या मध्यावर येतात. नवशिके ते हमखास वर चढवतात. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याइतकी जागा. "डावा डोळा किंचित खाली घे" म्हटलं की काम होतं. मोबाइल अगदी जवळ धरून फोटो काढला असेल तर नाक मोठं येतं. तो दोष पोराचा नव्हे.

फोटोत नसलेलं काही घरच्यांनाच माहीत असतं. आमची आजी दात पडल्यापासून ओठ मिटून हसायची. असं काही आठवलं तर जरूर सांगा. "सुरकुत्या कमी कर" म्हणणाऱ्या आत्याला मात्र चहा टाकायला पाठवा.