जुन्या फियाटने कोकण किनारा: निघण्याआधीची तयारी

प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, घेऊन रेवस ते रेडी किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं असेल, तर तयारीला महिनाभर आधी लागा. त्यातला निम्मा वेळ पार्ट शोधण्यात जातो. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, आणि त्यांच्या जिवावर चालणारी पार्टची दुकानंही आटत चालली आहेत. प्लगला ठिणगी पुरवणारे कंडेन्सर, सीबी पॉईंट, रोटर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, शिवाय प्लग, फॅनबेल्ट हे सगळं जोडीला हवंच. पण नवं आणलेलं थेट डिकीत टाकू नका. गाडीला बसवा, आठवडाभर चालवा, नीट चाललं तर तेच उतरवून कागदात गुंडाळून ठेवा. खोक्यातला नवाकोरा कंडेन्सर मुळातच खराब निघतो असं बऱ्याचदा होतं, आणि ते घराजवळ कळलेलं बरं. निघायच्या आदल्या दिवशी मात्र गाडीत काहीही नवं बसवायचं नाही.

पेट्रोलची वाट तपासा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. पद्मिनीच्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही; पाइप मऊ पडतात, फुगतात, एसी पंपाचा (टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, कडक होऊन तडकतो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घ्या. इथेनॉल टाकीतला जुना गंजही सैल करतं, म्हणून दोन-तीन फिल्टर जास्तीचे असू द्या. एसी पंपाचं कीटही घ्या.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इंजिन थंड ठेवण्याला. रेडिएटर उतरवून आतून साफ करून घ्या. होज पाइप दाबून पाहा. बोटाला कुरकुरीत लागला की बदला, क्लिपाही नव्या लावा. सोबत घरचं गोडं पाणी वीसेक लिटर हवं. खाडीकाठच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ असतं. ते रेडिएटरमध्ये गेलं की आतून गंज धरतो. वाटेत पाणी घेताना आधी चव घ्या.

रत्नागिरीच्या दक्षिणेला, राजापूर तालुक्यात रस्ता जांभ्याच्या सड्यावरून जातो. मैलोगणती उघडा कातळ, झाड नाही, सावली नाही, गॅरेज तर नाहीच. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथली कातळशिल्पं याच मुलखात आहेत आणि ती पाहायलाच हवीत, पण सकाळी. दुपारी तापलेल्या सड्यावर गाडी बंद करून तासभर फिरून आलात, तर पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी उठत नाही. बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारत बसू नका. बॉनेट उघडा, एसी पंपावर ओलं फडकं टाका, अर्धा तास थांबा. हे फडकं हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नको.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. लांब उतारावर पाय ठेवून राहिलात तर ड्रम तापतात आणि पकड जाते. म्हणून चढताना जो गिअर लागेल त्याच गिअरमध्ये उतरा. लायनर आणि व्हील सिलिंडर पाहून घ्या. ब्रेक ऑईल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, तेव्हा जुनं पूर्ण काढून नवं भरा.

मग जंगर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणारी सपाट बोट. आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा खाड्या जंगरने ओलांडाव्या लागतात, आणि मला या प्रवासातला हाच भाग सर्वांत प्रिय आहे. ओहोटीला फळी जास्त तिरकी होते आणि सायलेन्सर घासतो. भरतीची वेळ पाहून पोहोचा, माणसं खाली उतरवा, गाडी सावकाश तिरपी चढवा. जुन्या हँडब्रेकवर विसंबू नका; गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. दिवेआगर, हर्णै, गणपतीपुळे, कुठेही गाडी पुळणीत नेऊ नका. फोटोपायी वाळूत रुतलेल्या गाड्या भरतीच्या पाण्यात गेल्या आहेत. रोज मुक्कामाला गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा, मडगार्डच्या आतली बाजू आणि सायलेन्सर विसरू नका. किनाऱ्याची हवाच खारट आहे, आणि पद्मिनीचा पत्रा आता कुठे मिळायचा!

कागदांत आरसी, विमा, पीयूसी. पंधरा वर्षांनंतरचं फेरनोंदणीचं पाच वर्षांचं चक्र चालू आहे ना, ते पाहा. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असून २०२१ च्या नियमाखाली व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ नंबर घेतला असेल, तर ती प्रदर्शन, रॅली, देखभाल अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. अशा सहलीला ती चालत नाही.

रोख पैसे ठेवा, सड्यावर मोबाईलला रेंज नसते. टाकी अर्धी झाली की भरा. ट्यूबच्या टायरचे पंक्चर गावोगावी निघतात, तरी दोन ट्यूब घ्याच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. गणपतीच्या गर्दीत जाऊ नये. अंधारात चालवू नका: दिवे मंद, रस्त्यात गुरं बसलेली. चाळीस-पन्नासच्या वेगाने, पुढची तिकोनी काच उघडी टाकून, स्टिअरिंगजवळचा गिअर बदलत या वळणांवरून जाण्यात जे सुख आहे, ते मला नव्या गाडीत कधी मिळालं नाही. त्यासाठी दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच धरा.

परतीला आंबोली चढायची तर सावंतवाडीहून उजाडताच निघा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तापमानाचा काटा वर सरकू लागला की रुंद वळण पाहून थांबा, इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू द्या, आणि रेडिएटरचं झाकण हात लावण्याजोगं झाल्याशिवाय उघडू नका.