घाट चढला म्हणून खूश होऊ नका: ट्रकवरच्या पहिल्या वर्षातल्या चुका

नवीन ड्रायव्हर घाट चढायला घाबरतो, पण खरी परीक्षा उतारावर असते. पहिल्या उन्हाळ्यात मी साखरेची पोती घेऊन आंबा घाट उतरत होतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली. चार वळणांनंतर ब्रेकचं लायनर जळाल्याचा वास सुटला. ब्रेक दाबतोय, पण गाडी काही धरेना. शेवटी डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घातलं, तेव्हा थांबली. घाटाखाली साखरप्याला चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला.

तेव्हा भावा, उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरला भरलेली गाडी तो चढ चढेल, त्याच गिअरला उतरवा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) असेल तर लावा. पायाचा ब्रेक दाबून वेग मोडा आणि सोडा, त्यावर पाय ठेवून बसू नका. उगाच पंपिंगही (सारखं दाब-सोड) नको, एअर ब्रेकच्या टाकीतली हवा संपते. हवा कमी झाल्याचा बझर वाजला की गाडी बाजूला. तापलेल्या ब्रेक ड्रमवर पाणी मारायचं नाही, तडा जातो.

दुसरी चूक कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत माल भरताना होते. कास्टिंग (ओतीव धातूचे भाग) दिसायला मूठभर, वजनाला बेक्कार. हौदा अर्धा रिकामा दिसतो म्हणून अजून दोन पेट्या घेतल्या की गेलं काम. ओव्हरलोडला दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. काट्यावर गाडीचं वजन करा, पावती जपा. माल सगळा मागे टाकला तर स्टिअरिंग हलकं पडतं, हेही लक्षात असू द्या.

राज्याबाहेर जाणारा माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल (जीएसटीचं माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल) बघूनच निघा. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर बिलावर नवा नंबर चढवून घ्यायचा. कर्नाटकच्या हद्दीवरचं कागल ओलांडल्यावर हे आठवून उपयोग नाही.

झोपेचं काय सांगायचं? कायद्यात पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आहे. शेठ फोन करत राहतो, करू दे.

आणि पोच, म्हणजे माल मिळाल्याची पावती. माल उतरला की सही-शिक्का घ्या, पोतं फाटलं असेल तर तिथंच लिहून घ्या. माझी एक पोच पावसात भिजली, शिक्का वाचता येईना. त्या भाड्यासाठी तीन महिने हेलपाटे घातले. आता पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि फोटो आधी मोबाईलवर.