वॉटरकलर ओरिजिनल म्हणून घेताय? या चुका टाळा

गोव्यात दर टुरिस्ट सीझनला कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर चित्राचा फोटो पाठवतंच, "हे ओरिजिनल आहे का बघ मरे." फोटोवरून मी आता काहीच सांगत नाही, एकदा सांगून तोंडघशी पडलोय. मोबाईलच्या स्क्रीनवर प्रिंट काय नि पेंटिंग काय, सारखंच दिसतं.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे कागदावर हात फिरवून "खरखरीत लागतंय, म्हणजे हाताने काढलंय" म्हणणं. अहो, इंकजेट प्रिंट आता कॉटनच्या खरखरीत कागदावरच काढतात! माझा म्हापशाचा मावसभाऊ हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारातून पणजीतल्या जुन्या फोंतेन्हास वस्तीतल्या गल्लीचं चित्र घेऊन आला, पिवळी भिंत, शिंपल्यांची खिडकी, सगळं झकास, सात हजार मोजलेले. फ्रेम उघड म्हटलं तर तोंड वाकडं. शेवटी मीच मागचे खिळे काढले, दहापट भिंग लावलं आणि बघतो तर फिकट पिवळ्यात निळे-गुलाबी बारीक ठिपके, आकाशाला तर घामोळं आल्यासारखं. रंगाखालची पेन्सिलची रेघ दाखवून तो म्हणाला, "ही बघ!" ती रेघ पण ठिपक्यांचीच. खरी पेन्सिल कागद तिरका धरला की चकाकते, ही मेली ढिम्म.

खऱ्या चित्रात रंगाचं डबकं वाळतं तिथे कडेला गडद किनार राहते, आणि अल्ट्रामरीनसारखा निळा रंग कागदाच्या खळग्यांत दाणे धरून बसतो. प्रिंटमध्येही दाणे दिसतात, पण ते मूळ चित्राच्या कागदाचे, या कागदाच्या खळग्यांशी जुळत नाहीत. हे बघायला पाच मिनिटं लागतात, पण लोकांना पाच सेकंदांत उत्तर हवं.

आणि ती थुंकी लावलेल्या बोटाची टेस्ट! रंग सुटला की ओरिजिनल म्हणे. स्वस्त शाईची प्रिंट पण सुटते, आणि चित्र खरं निघालं तर तुम्ही ते बिघडवलंत. मी हे केलंय, शेजारच्या काकांच्या चित्रातल्या नारळाच्या झाडावर. डाग अजून आहे, काका अजून बोलत नाहीत.

पेन्सिलने सही आणि बाजूला 12/100 असं काही असेल तर ती प्रिंटच, शंभरातली बारावी. कागद लाटांसारखा उठलाय म्हणून खूश होऊ नका, आपल्या पावसाळ्यात कॅलेंडर पण उठतं. सर्टिफिकेट? तेही प्रिंटरवरच निघतं.

जुन्या गोवेकर चित्रकाराच्या नावाला भुलणारे वेगळेच. "आंजेलो द फोन्सेका आहे, 1930 चं, घरचं म्हणून स्वस्तात." अशा वेळी मी अंधारात यूव्ही टॉर्च मारतो. कागद निळसर पांढरा झगझगला तर 1930 विसरा, कागद उजळ करणारी ती रसायनं साधारण 1950 च्या आसपास कागदात आली. नुसता झगझगला नाही म्हणून जुना ठरत नाही हं, बिनरसायनाचा कागद आजही मिळतो. आणि त्याआधी पर्वरीला झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत जाऊन फोन्सेकाची खरी चित्रं बघून या ना, इथून तिथे जायला कितीसं पेट्रोल लागतं?

विकणारा फ्रेम उघडू देत नसेल तर मी चहा प्यायला निघून जातो, वाद घालत नाही. प्रिंट वाईट नसते, प्रिंटच्या भावात मिळाली तर माझ्या भिंतीवर पण दोन आहेत.

मावसभावाच्या हॉलमध्ये ती गल्ली अजून लटकतेय. भिंग घेऊन आलास तर चहा मिळणार नाही, असं त्याच्या बायकोने मला सांगून ठेवलंय.