सीईटीची सवय आणि जर्मनीची फाइल

अकरावीला प्रवेश घेतल्या दिवसापासून आपल्याला एकच हिशेब शिकवतात: पर्सेंटाइल किती, आणि त्या पर्सेंटाइलला कॉलेज कुठलं. एमएचटी-सीईटी असो नाहीतर जेईई, कॅप राउंडची सगळी गाडी त्या एका आकड्यावर चालते. हे डोक्यात इतकं मुरलेलं असतं की इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला जर्मनीत मास्टर्स करायचा विचार करणाऱ्या मुलांचाही पहिला प्रश्न तोच येतो. आयईएल्टीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, किती बँड हवेत? मास्टर्सची प्रवेश परीक्षा जीआरई लागते का? ज्युनिअर्सचे मेसेज अजून येतात, आणि बहुतेकांची सुरुवात इथूनच होते.

आयईएल्टीएसचं उत्तर एका ओळीत देता येतं. बऱ्याच अभ्यासक्रमांना ६.५ पुरतात, निकाल दोन वर्षं चालतो, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलालाही दोन-तीन महिन्यांच्या सरावानं ते जमतं. जीआरई मोजकेच अभ्यासक्रम मागतात. तिचा स्कोअर पाच वर्षं चालतो. आपला ज्या विद्यापीठांत अर्ज आहे त्यांपैकी कोणी मागत नसेल तर त्या परीक्षेच्या नादी लागू नका. परीक्षा द्यायची आपल्याला सवय असते, म्हणून आपण आधी तीच उरकतो. वेळ खरा जातो तो कागदांत, आणि त्याची तयारी कुठल्याच क्लासमध्ये होत नाही.

सुरुवात सीजीपीएपासून करू. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास. आपले गुण त्या मोजपट्टीवर नेताना बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, आलेल्या संख्येला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. १० पैकी ८ सीजीपीए असेल आणि पास व्हायला ४ लागत असतील, तर उत्तर येतं २.०. तोच ८ सीजीपीए, पण पासची मर्यादा ५ धरली तर २.२. काही ठिकाणी हा ०.२ चा फरक प्रवेश आणि नकार यांच्यात उभा राहतो. त्यामुळे आपल्या विद्यापीठाची किमान उत्तीर्ण श्रेणी मार्कशीटच्या मागे किंवा ट्रान्स्क्रिप्टवर स्पष्ट छापलेली आहे का, ते आजच बघा. नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या.

पण सीजीपीए ९ च्या वर असूनही नकार आलेली मुलं मी पाहिली आहेत. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच होतं: विषय जुळले नाहीत. मेकॅनिकलचा मुलगा डेटा सायन्सला अर्ज करतो. तिकडे नियमात लिहिलेलं असतं की पदवीत गणिताचे इतके ईसीटीएस (युरोपात अभ्यास मोजायचं एकक) क्रेडिट हवेत, प्रोग्रॅमिंगचे इतके, अल्गोरिदमचे इतके. जर्मनीतली तीन वर्षांची पदवी १८० ईसीटीएसची असते, आणि त्यातले कुठले क्रेडिट कुठल्या विषयाचे हे तिथली माणसं खरोखर मोजतात. 'एम-थ्री' (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) एवढ्या नावावर त्यांना काही कळत नाही. लाप्लास, फुरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस, कुठल्या युनिटला किती तास, हे त्यांना कागदावर हवं असतं. म्हणून संपूर्ण सिलॅबसची प्रत जवळ ठेवा. प्रत्येक विषयापुढे तिकडचा कुठला विषय बसतो याचा तक्ता स्वतः बनवा. काही विद्यापीठं असा तक्ता अर्जातच भरायला लावतात. तो करताना कळतं की आपण कुठे बसतो आणि कुठे नुसती फी वाया जाणार आहे. विद्यापीठांची यादी या तक्त्यावरून काढायची. क्रमवारी बघून काढलेल्या यादीत आपल्याकडची कॅप राउंडची सवयच दिसते.

आता नावाचं प्रकरण. हे वाचून हसू येईल, पण महाराष्ट्रातल्या मुलांना याचा जेवढा ताप होतो तेवढा दुसऱ्या कशाचा होत नसेल. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शिवाय आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. आधारवर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नसतं. त्यात दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग आणि डिग्रीवर दुसरं असेल तर परदेशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच प्रमाण धरायचं. आयईएल्टीएसची नोंदणी, विद्यापीठाचे अर्ज, बँक, विमान तिकीट, सगळीकडे तेच. मार्कशीटमध्ये खरोखर चूक असेल तर शिक्षण मंडळाकडून किंवा विद्यापीठाकडून दुरुस्ती करून घ्यायला महिने जातात, तेव्हा ते काम तिसऱ्या वर्षातच सुरू करा.

शिफारसपत्रांची तऱ्हा निराळीच. आपल्याकडे सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' आणले तर आणले, पण तीन सरांची तीन पत्रं एकाच भाषेत आली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. सरांना पत्राचा मसुदा न देता मुद्दे लिहून द्या: कुठला प्रोजेक्ट, त्यात तुमचा नेमका वाटा कोणता, कुठल्या अडचणीत काय केलं. दोन ओळी का होईना, सरांच्या स्वतःच्या येऊ देत. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर हवं, त्यावर तारीख हवी, आणि शक्यतो सरांचा कॉलेजच्या डोमेनचा ईमेल हवा. अनेक प्राध्यापक जीमेलच वापरतात आणि काही विद्यापीठं तो पत्ता स्वीकारत नाहीत. एचओडींना आधीच विचारून ठेवा.

मोटिव्हेशन लेटरबद्दल एवढंच सांगतो की 'लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं' हे वाक्य खोडा. त्यांना तुमचं बालपण नको असतं. हाच अभ्यासक्रम का, त्यातले कुठले विषय तुमच्या बीईच्या कामाला पुढे नेतात, एवढं सरळ लिहिलेलं दीड पान पुरतं.

कागद जमले की एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं झालं. तुमच्या मार्कशीट आणि डिग्री खऱ्या आहेत का, हे दिल्लीतलं त्यांचं कार्यालय तपासतं. फी १८,००० रुपये. हंगामात तिथे गर्दी उसळते, आणि बरीच विद्यापीठं प्रवेश अर्जासोबतच एपीएस मागतात. विंटर सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होतं आणि अर्जाची मुदत म्हणून १५ जुलै ही तारीख सगळ्यांच्या तोंडी असते, पण तिच्यावर विसंबू नका. आखेनच्या आरडब्ल्यूटीएचमध्ये इंग्रजी मास्टर्ससाठी युरोपबाहेरच्यांची मुदत १ मार्चला संपते, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत अनेक अभ्यासक्रमांची ३१ मेला. म्हणजे शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागायच्या आत अर्ज गेलेला असतो. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात: पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरमधल्या पुढच्या प्रत्येकाला ३०.

घरी 'जर्मनीत शिक्षण फुकट' असं सांगून ठेवलं असेल तर आईवडिलांसोबत बसून नीट हिशेब मांडा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्युशन फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरुह वगैरे ठिकाणी, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकलनेही २०२४-२५ पासून फी सुरू केली. मास्टर्सला ती सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो असते. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचा खर्च आधी भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, रुपयांत दहा लाखांच्या वर. पैसे तुमचेच असतात, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो मिळतात. पण ते एकरकमी उभे करावे लागतात, आणि शेती किंवा एका पगारावरच्या घरात हीच खरी अडचण असते. शैक्षणिक कर्जात ही रक्कम धरता येते का, हे बँकेत पहिल्याच भेटीत विचारा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी आणि मुदत त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघायच्या.

कन्सल्टन्सीबद्दल माझं मत जरा कडवट आहे. सल्ला फुकट मिळत असेल तर त्यांना पैसे कोण देतं, हे विचारा. अनेकदा ते भरमसाट फी घेणाऱ्या खासगी विद्यापीठाकडून आलेलं कमिशन असतं, आणि म्हणून यादीत सरकारी विद्यापीठं खाली सरकतात. डाड (DAAD) या जर्मन शिक्षण-विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमांची यादी सगळ्यांना खुली आहे. चार रविवार घालवा, स्वतः शोधा.

बारावीच्या मुलांचे पालकही हल्ली विचारतात की थेट पदवीलाच पाठवलं तर? नुसत्या बारावीवर थेट प्रवेश मिळत नाही. आधी वर्षभराचं श्टुडिएनकोलेग, म्हणजे पदवीपूर्व तयारीचा अभ्यासक्रम, करून तिथली परीक्षा द्यावी लागते. दोन पळवाटा आहेत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असाल तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांसाठी थेट पात्रता मिळते. त्यासाठी आयआयटीत जागा मिळालेली असावी लागत नाही, हे फार जणांना माहीतच नसतं. किंवा इथे पदवीचं पहिलं वर्ष नीट पास व्हायचं, मग त्याच शाखेत अर्ज करता येतो. मात्र तिथले पदवी अभ्यासक्रम बहुतांशी जर्मनमधून चालतात.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजी मास्टर्सवाल्यांनीही ती टाळू नये. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पण कॅफेतलं काम असो की लहान कंपनीतली इंटर्नशिप, दारातच जर्मन लागते. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, शिवाय कितीतरी खासगी वर्ग आहेत. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत ए-१, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, सुरू केलं तर जाईपर्यंत ए-२ सहज होतं. अंतिम वर्षात प्रोजेक्ट, प्लेसमेंट आणि एपीएस एकदम अंगावर येतात, तेव्हा क्लासला जायला कोणालाच सवड होत नाही.