४०२२०१ : अलिबागच्या पिन कोडचे अवयव कागदावर कसे पाडावेत

सहा अंकी संख्येचे गुणधर्म कागद-पेन्सिलीनेही तपासता येतात. उदाहरणासाठी अलिबागचा पिन कोड, ४०२२०१, घेऊ. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीत पहिला अंक टपालाचा मोठा विभाग दाखवतो. आपण मात्र येथे ४०२२०१ कडे निव्वळ एक विषम संख्या म्हणून पाहणार आहोत.

अंकांची बेरीज ९ असल्याने संख्येला ९ ने भाग जातो, हे लगेच दिसते. तरीही भागाकाराची घाई न करता आधी वर्गमूळाचा अंदाज घ्यावा, असे मी सुचवेन. ६३४ चा वर्ग ४०१९५६ आणि ६३५ चा वर्ग ४०३२२५ येतो, म्हणजे ही संख्या पूर्ण वर्ग नाही. आता मोठ्या वर्गातून आपली संख्या वजा केली की १०२४ उरतात, आणि १०२४ हा ३२ चा वर्ग आहे. दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांच्या मूळांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा गुणाकार, म्हणून ४०२२०१ = ६०३ × ६६७. सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा याची ही रीत पहिल्याच पायरीवर फळाला यावी, असे क्वचितच घडते. गंमत म्हणजे ६६७ लाही तीच रीत लागू पडते : २६ च्या वर्गातून, म्हणजे ६७६ मधून, ६६७ गेले की ९ उरतात, म्हणून अवयव २३ आणि २९. ६०३ म्हणजे ९ × ६७.

अशा प्रकारे ४०२२०१ = ३² × २३ × २९ × ६७ हे मिळाले की बाकीचे काम सोपे होते. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केल्यास ३ × २ × २ × २ = २४ विभाजक मिळतात. त्यांची बेरीज १३ × २४ × ३० × ६८, म्हणजे ६३६४८० होते; तीतून ४०२२०१ वजा केल्यास २३४२७९ उरतात, जे ४०२२०१ पेक्षा बरेच कमी आहेत. ४०२२०१ ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का, या प्रश्नाचे उत्तरही अवयवांतच आहे : २३ ला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते आणि त्याचा घातांक विषम आहे, त्यामुळे तसे लिहिणे अशक्य ठरते.

रत्नागिरीचा ४१५६१२ घेतल्यास आधी ४ ने भागून १०३९०३ ही विषम संख्या काढावी लागते. ३२३, ३२४ आणि ३२५ यांच्या वर्गांतून ती वजा केल्यास अनुक्रमे ४२६, १०७३ आणि १७२२ उरतात. शेवटच्या दोन संख्यांच्या एककस्थानी ३ आणि २ असल्याने त्या पूर्ण वर्ग असूच शकत नाहीत. ४२६ ही २० आणि २१ यांच्या वर्गांच्या मध्ये पडते. चार-पाच पायऱ्यांत यश आले नाही, तर ही रीत सोडून ३२२ पर्यंतच्या मूळ संख्यांनी क्रमाने भागून पाहावे.