आजोबांची रेसची मोडकी गाडी घरचीच होती, हे कागदावर कसं आणायचं

कोठ्यामागे पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली गंजलेला सांगाडा असो, की पन्नास वर्षांपूर्वी भंगारात गेलेली आणि आता कुणाच्या संग्रहात झळकणारी गाडी असो, घरचे एकच सांगतात, "आमच्या आबांची आहे थे." या वाक्यातला 'आहे' आधी खोडा आणि 'होती' लिहा. आबांनी गाडी विकली असेल, भंगारवाल्याला तोलून दिली असेल किंवा पूर्ण भरपाई घेऊन सांगाडा विमा कंपनीला सोडला असेल, तर हक्क तिथेच संपला. गाडी कुणी बळकावली असेल तरी जंगम मालासाठी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती कधीपासून मोजायची, ते वकिलाला विचारा. इथे फक्त 'होती'चं बघू.

आधी लोखंड

आमच्याकडचा एक म्हातारा मिस्त्री अशी गाडी दाखवली की पहिलं वाक्य हेच बोलायचा, "इंजिन नोको पाहू भाऊ, दांडीवरचा नंबर पाय." त्याचं खरं आहे. रेसच्या गाडीचं इंजिन दोन-तीनदा बदललेलं असतं, पत्रा ठोकून नवा केलेला असतो. कणा तेवढा चेसिसचा, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी चौकटीचा.

नंबर कुठे असतो हे त्या-त्या मॉडेलवर ठरतं. १९४५ ते १९४९ या काळात बनलेली एमजी टीसी ही इंग्लिश स्पोर्ट्स गाडी घ्या. चेसिसची डावी दांडी पुढे जिथे संपते, त्या टोकावर नंबर ठोकलेला असतो. या मालिकेची सुरुवात ०२५१ पासून आहे, कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर २५१ होता! इंजिनाचा नंबर वेगळा. तो अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो आणि 'एक्सपीएजी' या अक्षरांनी सुरू होतो. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळला नाही म्हणून हातपाय गाळू नका. चेसिसचा जुळला नाही, तर मात्र काळजीचं आहे.

दांडी साफ करताना ग्राइंडर, तारेचा ब्रश, सँडब्लास्टिंग यांतलं काहीही वापरू नका. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा रात्रभर लावून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा. मग अंधार पडल्यावर टॉर्च आडवी धरा. दिवसा सपाट वाटणारी जागा तिरप्या उजेडात आकडे दाखवते. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओच्या कामासाठी घेतात तशीच छाप. छापेच्या बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा. आकडा अर्धवट असेल तर अर्धवटच राहू द्या. घरी तेजाब लावून बघू नका आणि पंचने नंबर 'नीट' तर मुळीच करू नका. तसं केलं की पुरावा गेलाच, वर गुन्हा अंगावर.

मग अपघाताचे कागद

गाडी फुटली हे घराचं दुःख, पण तुमच्या कामाला तेच उपयोगी पडतं. धडधाकट गाडी कागद मागत नाही. फुटलेल्या गाडीमागे पोलिसांचा पंचनामा येतो, विम्याच्या सर्व्हेअरचा अहवाल येतो, गॅरेजचं बिल येतं, आणि या तिन्हींत नंबर व मालकाचं नाव एकत्र असण्याची शक्यता जास्त. १ जुलै १९४६ पासून रस्त्यावरच्या मोटारीला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा झाला, म्हणून त्यानंतरच्या गाडीची पॉलिसी ट्रंकेत असू शकते. पॉलिसीवरच्या कंपनीचं नाव आज कुठे दिसत नसेल तर घाबरू नका. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणात शंभराहून जास्त कंपन्या चार सरकारी कंपन्यांत गेल्या.

रोजकीर्द आणि खतावणीसुद्धा चाळा. जिनिंगच्या किंवा किराण्याच्या वहीत 'पेट्रोल', 'टायर', 'मोटार दुरुस्ती' अशा ओळी निघतात, आणि मुनीमजी शिस्तीचे असतील तर सोबत गाडीचा नंबरही.

कागद सापडला की उचलण्याआधी तो ट्रंकेत आहे तसाच त्याचा फोटो घ्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९२ नुसार तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल, तर न्यायालय तो खरा धरू शकतं. म्हणजे तो कुठून निघाला, यालाही किंमत आहे. आणि लॅमिनेशन नको! आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की लोक थेट झेरॉक्सवाल्याकडे धावतात.

सरकारी दप्तर

विदर्भाच्या गाडीची नोंद शोधताना नकाशा डोक्यात ठेवा. १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड, मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, पुढे द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. गाडी मुंबई-कलकत्त्याहून आणली असेल तर पहिली नोंद तिथली. आरटीओत माहिती अधिकाराचा अर्ज करताना कलम ८(३) चा उल्लेख करा. वीस वर्षांहून जुन्या बाबींना 'खासगी माहिती' म्हणून नकार देता येत नाही. "नोंदवही आढळत नाही" असं उत्तर आलं तरी ते लेखी घ्या. नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयातही एक चक्कर मारा.

फक्त रेसच पळणाऱ्या गाडीची आरटीओत नोंद कधी झालीच नसेल. मग स्पर्धेचे छापील कार्यक्रम, प्रवेश अर्ज, पावत्या शोधा. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा, आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यती गाजलेल्या. गाडीवर रंगवलेला आकडा दर शर्यतीला बदलतो, म्हणून फोटो आणि त्याच दिवसाचा कार्यक्रम ही जोडीच उपयोगाची. फोटोत चेहऱ्यांपेक्षा रिव्हेट, जादा पाडलेली भोकं आणि डॅशबोर्डवरचे डायल बघा. इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून एमजी, ऑस्टिन, मॉरिससारख्या अनेक गाड्यांचं कारखान्याच्या नोंदींवरून प्रमाणपत्र मिळतं. त्यातून गाडीचा जन्म कळतो, आबांची मालकी नाही.

तुम्ही आणि आबा

हा दुवा लोक विसरतात. कागदावर आबांचं नाव आहे, पण तुम्ही त्यांचे नातू हे कशावरून? तलाठ्याकडचा वारस फेरफार घ्या. त्याही मागे जायचं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढा. त्यात कधी आडनावच नसतं, तेव्हा गाव, बापाचं नाव आणि तारीख तिन्ही जुळवा.

घरातल्या म्हाताऱ्यांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसवलं की सगळ्यांची आठवण मोठ्या काकांसारखी होते. "गाडी आपली होती ना?" असं विचारू नका. "दार कोणत्या बाजूला उघडायचं? हॉर्न कुठं होता?" असं विचारा.

सांगाडा तुमच्याच ताब्यात असेल आणि पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेली असतील, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हीए' मालिकेत विंटेज नोंदणी मागता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. मोडक्या रेसरचं घोडं बहुधा इथेच अडतं.

गाडी दुसऱ्याकडे असेल तर त्याला पहिल्या फोनमध्ये आपल्या कागदावरचा नंबर सांगून बसू नका. आधी तो कागद पाकिटात बंद करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, तारीख टाका. मग त्याला नम्रपणे म्हणा, "दादा, डाव्या दांडीवरची पेन्सिलची छाप तेवढी पाठवता का?" छाप हातात आली की त्याच साक्षीदारांसमोर पाकीट फोडा.